मुळांवरची बुरशी: सोलापूरच्या काळ्या रानात एक, उत्तरेच्या जंगलात दुसरी

काळीमाती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डाळिंबवाल्यांच्या आणि ज्वारीवाल्यांच्या बोलण्यात हल्ली मायकोरायझाचं, म्हणजे झाडाच्या मुळाशी भागीदारी करणाऱ्या बुरशीचं, नाव फार येतं. दुकानात पुड्या मिळतात, ठिबकमधून सोडायचं द्रावण मिळतं आणि सोबत एक चित्र फिरतं: जंगलातली झाडं जमिनीखालून बुरशीच्या जाळ्यानं एकमेकांना जोडलेली. ते चित्र बहुतेक वेळा कॅनडातल्या नाहीतर युरोपातल्या जंगलाचं असतं. तिथली बुरशी आणि आपल्या रानातली बुरशी यांचं कूळ वेगळं आणि कामाची पद्धतही वेगळी. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून ध्रुवाकडे निघालं तर वाटेत मुळांचे भागीदार कसे बदलत जातात आणि ते कळल्यावर आपल्या शेतात काय करावं, काय करू नये, हे बोलायला हा धागा काढतो आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, घरची कोरडवाहू शेतीही आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं येईल.

१८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं मूळ आणि बुरशीच्या या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. त्याच्याकडे काम आलं होतं वेगळंच: प्रशियात ट्रफल ही महागडी भूछत्रं लावता येतील का ते बघण्याचं. ते बघताना त्याला दिसलं, की जंगलातल्या चांगल्या धडधाकट झाडांची मुळं बुरशीनं वेढलेली आहेत आणि त्या बुरशीवर झाड पोसलं जातं आहे. बुरशी म्हणजे रोग, असं मानण्याचा तो काळ. त्याचं म्हणणं पटायला लोकांना बराच वेळ लागला.

आपल्यापुरते तीन प्रकार पुरेत. (ऑर्किडची चौथी तऱ्हा आहे. त्यांच्या धुळीएवढ्या बियांना बुरशीशिवाय रुजताच येत नाही, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

पहिली आतली बुरशी, शास्त्रीय नाव आर्बस्क्युलर मायकोरायझा. ही मुळाच्या पेशीत शिरून तिथं बारीक बारीक फांद्या काढते आणि देवघेव त्या फांद्यांपाशी होते. हिचं भूछत्र उगवत नाही, त्यामुळे ती आपल्या नजरेला पडत नाही. जगातल्या साधारण ७० ते ८० टक्के वनस्पतींच्या मुळांत ती असते. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडई, कांदा, ऊस, डाळिंब, चिंच, कडुनिंब, आंबा हे सगळे हिचेच. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जे वनस्पतींचे जीवाश्म मिळाले, त्यांतही अशाच फांद्या दिसल्या. त्या वनस्पतींना तेव्हा खरी मुळंसुद्धा नव्हती.

दुसरी बाहेरची बुरशी, एक्टोमायकोरायझा. ही मुळाच्या टोकावर जाड आवरण चढवते, पेशींच्या मधल्या फटींत जाळं विणते, पण पेशीच्या आत जात नाही. चीड, देवदार, ओक, बर्च, बीच, स्प्रूस ही हिची झाडं. थंड प्रदेशातल्या जंगलात पावसानंतर दिसणारी कितीतरी भूछत्रं हिचीच असतात. वनस्पतींच्या जेमतेम २ टक्के जाती हिच्याशी जोडलेल्या आहेत, तरी पृथ्वीवरच्या झाडांची खोडं मोजली तर सुमारे ६० टक्के खोडं त्यांची भरतात. उत्तरेची अफाट जंगलं या मोजक्या जातींनीच भरलेली आहेत.

तिसरी एरिकॉइड. ब्लूबेरी, हेदर, ऱ्होडोडेंड्रॉन यांच्या अतिबारीक मुळांत राहणारी, थंड आणि आम्ल मातीतली.

आता अक्षांशाकडे येऊ. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड रीड यांनी १९९१ मध्ये मांडलं, की विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे किंवा पायथ्याकडून शिखराकडे जाताना आधी आतली बुरशी, मग बाहेरची, मग एरिकॉइड असा क्रम लागतो. त्याचं कारण त्यांनी कुजण्याच्या वेगात शोधलं. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठं काम आलं. त्यात जगभरच्या ११ लाखांहून जास्त वनभूखंडांच्या नोंदी आणि सुमारे २८ हजार वृक्षजाती घेऊन नकाशा काढला होता. रीड यांचं म्हणणं त्यात बऱ्याच अंशी टिकलं, आणि एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे होणारा बदल बराच एकदम होतो असंही दिसलं.

कुजण्याचा वेग का महत्त्वाचा, हे नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. थंडीत पालापाचोळा वर्षानुवर्षं कुजत नाही. झाडाला लागणारं नत्र त्या पाचोळ्यातच अडकून पडतं. बाहेरच्या बुरशीपैकी अनेकींकडे पाचोळा फोडून त्यातलं नत्र काढायची विकरं असतात, म्हणून तिथं त्या झाडाला सोन्यासारख्या. उष्ण आणि ओल्या प्रदेशात उलट होतं. पाचोळा झपाट्यानं कुजतो, नत्र मोकळं होतं आणि अडतं ते स्फुरदाशी. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतं, जागचं फारसं हलत नाही. मुळाभोवतीचं मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं स्फुरद मुळानं संपवलं की पुढचं मिळत नाही. आतल्या बुरशीचे धागे मुळावरच्या केसांहून कितीतरी बारीक असतात आणि काही सेंटीमीटर पुढे जाऊन तिथलं स्फुरद आणि जस्त घेऊन येतात. पाचोळा फोडायची विकरं मात्र तिच्याकडे जवळजवळ नाहीत. मोबदल्यात झाड आपण तयार केलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा, साखर आणि स्निग्ध पदार्थांच्या रूपात, बुरशीला देतं. एवढी किंमत झाड उगाच मोजत नाही.

सोलापूरची माती चुनखडीची. सामू बहुतेक ठिकाणी ७.५ च्या वर. स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधलं जातं, जस्त कमी पडतं. म्हणजे आतल्या बुरशीला कामच काम. उष्ण आणि कोरड्या पट्ट्यात नत्र बांधणारी झाडंही जास्त, हे २०१९ च्या त्याच नकाशात आलं आहे. आपल्या बांधावरची बाभूळ बघा: मुळात नत्राच्या गाठी, शिवाय ही बुरशी.

एक उदाहरण देऊन थांबतो. पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं बेट साधारण सोलापूरच्याच अक्षांशावर, १८ अंशांवर आहे. तिथं पाइन लावायचे प्रयत्न सारखे फसत होते. रोपं पिवळी पडून खुंटायची. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या पाइनच्या जंगलातली माती आणून मुळाशी घातली, तेव्हा ती वाढायला लागली. झाड पोचलं होतं, जोडीदार मागं राहिला होता.

---

उत्तरेचापाहुणा

सर, फार चांगला विषय. मी मूळचा सोलापूरचा, आता बरीच वर्षं फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळ, म्हणजे ६० अंशांवर. तुम्ही लिहिलंत ते इथं चालताना दिसतं. स्प्रूस आणि बर्चच्या खाली ऑगस्ट-सप्टेंबरात कांतारेल्ली नावाची पिवळी भूछत्रं येतात. इथं कुणाच्याही जंगलात जाऊन भूछत्रं आणि रानफळं वेचायचा सगळ्यांना हक्क आहे, त्यामुळे लोक टोपल्या घेऊन कुटुंबानं निघतात. ती भूछत्रं म्हणजे झाडांच्या मुळांवरच्या बाहेरच्या बुरशीची फळंच. म्हणूनच त्यांची शेती करायला इतकं अवघड जातं. झाडाशिवाय ती येत नाहीत.

त्याच झाडांखाली गुडघ्यापेक्षा कमी उंचीची रानटी ब्लूबेरी पसरलेली असते, आणि तिच्या मुळांत तिसरी, एरिकॉइड. एकाच जागेवर वर एक भागीदारी, खाली दुसरी. बोटांनी उकरलं तर पाचोळ्याचा काळपट थर लागतो आणि तो किती जुना असेल याचा अंदाज येत नाही. सोलापुरात असा थर मी कधी पाहिला नाही.

इथून आणखी उत्तरेला लॅपलंडमध्ये गेलं की झाडं खुजी होत जातात आणि झुडपांचं राज्य येतं. रीड यांचा क्रम एका दिवसाच्या गाडीच्या प्रवासात बघायला मिळतो.

---

सीनाकाठ

लई चांगलं लिहिलंय सर. पण आम्हाला कामाचं सांगा. पुडी घ्यावी का नको? आमच्या गावात दुकानदार म्हनतो डीएपी (स्फुरदाचं खत) बरोबर द्या, दुप्पट फायदा. आमची रब्बी ज्वारी, हरभरा, थोडी करडई, आनि विहिरीवर कांदा. बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहनारा परिनाम) चांगला राहावा म्हनून आम्ही हरभरा फिरवतोच. या बुरशीचा आनि बेवडाचा काय संबंध हाय का?

---

काळीमाती

@सीनाकाठ, दादा, बेवडाशी अगदी थेट संबंध आहे, म्हणून आधी तेच.

ही बुरशी मुळावर जगते. जिवंत मूळ नसेल तर ती बीजाणूंच्या आणि जुन्या मुळांच्या तुकड्यांच्या आधारानं वाट बघते. आधीचं पीक तिला पोसणारं असेल तर पुढच्या पिकाला ती तयार मिळते. हरभरा, तूर, मूग, ज्वारी, करडई, सूर्यफूल, कांदा हे पोसणारे. न पोसणारे कोण, तर मोहरीच्या कुळातले (मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा) आणि राजगिऱ्याच्या कुळातले (राजगिरा, माठ, पालक, चाकवत, बीट). ही पिकं वाईट असं नाही, पण कोबी-फ्लॉवरनंतर लगेच मका किंवा कांदा घेतला तर सुरुवातीला रोपाला बुरशी उशिरा मिळते, हे लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये डार्लिंग डाउन्स नावाचा भाग आहे. साधारण २७ अंश दक्षिण, आणि माती आपल्यासारखीच भेगाळणारी काळी चिकण. तिथले शेतकरी ओल साठवायला वर्षाहून जास्त काळ रान मोकळं ठेवायचे. ओल भरपूर साठायची, तरी पुढचं पीक खुजं राहायचं, स्फुरद आणि जस्ताची कमतरता दाखवायचं. त्याला ‘लाँग फॅलो डिसऑर्डर’ म्हणजे लांब पडीकाचा विकार म्हणत. जॉन थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की मोकळ्या रानात बुरशी घटत जाते आणि दुखण्याचं मूळ तिथं आहे. जवस, सूर्यफूल, मका यांना फटका जास्त, गहू आणि जवाला कमी. मोहरीच्या कुळातल्या पिकाला काहीच नाही, कारण त्याचं बुरशीशी नातंच नाही. आपल्या मातीबद्दल जगात झालेल्या कामात मला हे सगळ्यात जवळचं वाटतं. फिनलंडच्या जंगलापेक्षा कितीतरी जवळचं.

आता पुडी. घेण्याआधी पाठीमागची नावं वाचा. पिसोलिथस, स्क्लेरोडर्मा, रायझोपोगॉन, लॅकेरिया ही नावं असतील तर ती बाहेरची बुरशी आहे, पाइन-ओकवाली. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या, डाळिंबाच्या मुळात ती कधीच बसणार नाही. रायझोफॅगस, फनेलिफॉर्मिस, ग्लोमस ही नावं आपल्या कामाची. आणि नाव बरोबर असलं तरी आतली बुरशी जिवंत हवी. परदेशात बाजारातल्या पुड्या तपासल्या तेव्हा बऱ्याचशा पुड्यांनी मुळात काहीच वसवलं नाही. उघड्या शेतात, जिथं मूळची बुरशी आहेच, तिथं पुडीचा फायदा कधी दिसतो, कधी नाही. रोपवाटिकेत मात्र बऱ्याचदा दिसतो.

डीएपी बरोबर देऊन दुप्पट फायदा हे मला पटत नाही. मातीत स्फुरद भरपूर झालं की झाड स्वतःच बुरशीला मुळात कमी जागा देतं. आधी माती परीक्षण करा. स्फुरद मध्यम असेल तर मात्रा उगाच वाढवू नका.

---

मंगळवेढेकर

सर, एक हरकत आहे. आमच्या भारी काळ्या रानात पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालतात आणि उत्तरा-हस्तात मालदांडी पेरतात. ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि ती ओलीसाठी आहे. पुढं चार महिने ज्वारी त्या ओलीवरच उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच पद्धतीच्या जोरावर. आता बुरशीसाठी रान मोकळं ठेवू नका म्हणालात तर ज्वारीच येणार नाही.

दुसरं, खरिपाच्या ज्वारीत टारफुला हे तण येतं त्याचं मूळ ज्वारीच्याच मुळाला चिकटतं. त्याचा या बुरशीशी काही संबंध?

---

काळीमाती

@मंगळवेढेकर, हरकत रास्त आहे आणि मी रान मोकळं ठेवू नका असं म्हणणार नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ओल पहिली, बाकी सगळं नंतर. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे आणि त्याचा गाभा ओल धरून ठेवणं हाच आहे.

फरक कुठं आहे बघा. आपलं रान फेब्रुवारी-मार्चात मोकळं होतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलं जातं. क्वीन्सलंडचा विकार वर्षाहून जास्त मोकळ्या रानाचा. शिवाय आपला उन्हाळा कडक कोरडा. कोरड्या मातीत या बुरशीचे बीजाणू आणि धागे चांगला तग धरतात. त्यांची शक्ती खर्च होते ती ओल्या पण उघड्या मातीत, म्हणजे जून ते सप्टेंबर. त्यामुळे प्रश्न आहे, पण तिकडच्याएवढा मोठा नाही. मध्यम जमिनीत जूनचा पाऊस चांगला झाला तर मूग किंवा उडीद घेऊन मग ज्वारी पेरायची पद्धत आपल्याकडे आहेच. ती बुरशीच्या दृष्टीनं फार चांगली. भारी जमिनीत आणि हुकलेल्या पावसात तो हट्ट धरू नये. दरवर्षी खोल नांगरट टाळा, कारण तिनं धाग्यांचं जाळं तुटतं. बांधावरचं गवत, बाभूळ, बोर जाळू नका. ती या बुरशीची कायमची वस्ती आहे.

टारफुल्याचा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. संबंध आहे, आणि तो विलक्षण आहे. ज्वारीला स्फुरद कमी पडलं की तिची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतात. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ही द्रव्यं म्हणजे बुरशीला दिलेली हाक आहे; ती लागली की बुरशीचे धागे भराभर फांद्या काढून मुळाकडे येतात. पण हीच द्रव्यं त्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, टारफुल्याचं बी रुजवणारी द्रव्यं म्हणून कापसाच्या मुळांतून वेगळी केलेली होती. म्हणजे बुरशीसाठी दिलेली हाक टारफुल्याचं बी ऐकतं आणि जवळ भक्ष्य आहे हे ओळखून रुजतं. हलक्या, भुकेल्या जमिनीत टारफुला जास्त का, त्याचं एक उत्तर इथं आहे. भुकेली ज्वारी जोरात हाका मारते.

---

जगदलपूरकर

मी मराठीच, पण राहतो बस्तरमध्ये. धाग्यात अक्षांशावर सगळा भर आहे म्हणून आमच्याकडचं सांगतो. जगदलपूर १९ अंशांवर, सोलापूरपासून जेमतेम दीड अंश उत्तरेला. तरी इथं साल वृक्षाचं जंगल आहे आणि सालाच्या मुळांवर बाहेरची बुरशी. पावसाळ्याच्या सुरुवातीला सालाखालची जमीन उकरून लोक बोडा काढतात. गोल, करड्या रंगाचा, भूछत्राच्या जातीचा. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रियस. बाजारात मटणापेक्षा महाग जातो. बोडा सालाशिवाय होत नाही. मग रीड यांच्या नियमात हे कसं बसवायचं?

---

काळीमाती

@जगदलपूरकर, बसत नाही, आणि म्हणूनच तुमचा प्रतिसाद मोलाचा आहे. नियम हवामानाचा आहे. अक्षांश ही त्याची ढोबळ खूण. आणि हवामानाशिवाय वंशावळही असते. साल ज्या डिप्टेरोकार्प कुळातला, त्या कुळाचं बाहेरच्या बुरशीशी नातं फार जुनं आहे. मादागास्करमधल्या त्याच्या नातलग झाडांतही ते सापडतं. म्हणून भारत आणि मादागास्कर वेगळे होण्याच्या आधीपासूनचं, म्हणजे ८ कोटींहून अधिक वर्षांचं हे नातं असावं असं काही अभ्यासक मानतात. भारतीय भूखंड उत्तरेला सरकत आला, आशियाला धडकला आणि हे कूळ आग्नेय आशियात पसरलं. आज बोर्निओची उंचच उंच जंगलं, अगदी विषुववृत्तावरची, याच कुळाची आणि बाहेरच्याच बुरशीची. आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात गिल्बर्टिओडेंड्रॉन या एकाच जातीच्या झाडानं व्यापलेले मोठमोठे पट्टे आहेत, तेही तसेच.

याच प्रवासात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनवर लाव्हाचे थर ओतले गेले. आपली काळी माती त्या बेसॉल्टची झिज आहे.

आपल्याकडे लावलेल्या झाडांतही एक गंमत आहे. रस्त्याकडेची निलगिरी आणि सुरू ही झाडं दोन्ही प्रकारची बुरशी धरू शकतात.

---

आज्जीचीबाग

एक साधी शंका. पावसाळ्यात वारुळावर जी पांढरी अळंबी येते, ती पण या मुळांच्या बुरशीची का?

---

काळीमाती

नाही ताई. ती वाळवीची अळंबी, टर्मिटोमायसिस. तिची भागीदारी झाडाशी नसून वाळवीशी आहे. वाळवी वारुळाच्या आत तिची लागवडच करते. झाडाच्या मुळाशी तिचा संबंध नाही.

---

चिकित्सक

धागा आवडला, पण दोन गोष्टींची भर घालायला हवी.

पहिली. २०१९ चा नकाशा जंगलातल्या झाडांचा आहे. शेतजमीन, गवताळ माळ, झुडपी रानं त्यात नाहीत. सोलापूर जिल्ह्यात जंगल किती? नान्नजचं माळढोक अभयारण्य म्हणजे मुख्यतः गवताळ माळ. गवतं आतल्या बुरशीची असतात, त्यामुळे निष्कर्ष तोच निघतो, पण तो त्या नकाशावरून काढता येणार नाही.

दुसरी. झाडांची भागीदारी अक्षांशानं बदलते हे खरं, पण बुरशीच्या जाती त्याच पद्धतीनं बदलतात असं नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये जगातल्या ३६५ ठिकाणच्या मातीचा अभ्यास आला. झाडांच्या जाती विषुववृत्ताकडे वाढत जातात, बाहेरच्या बुरशीची विविधता मात्र समशीतोष्ण आणि उत्तरेकडच्या जंगलांत सर्वाधिक निघाली. आतल्या बुरशीचं चित्र आणखी वेगळं. २०१५ च्या एका जागतिक अभ्यासात तिच्या ९३ टक्के जाती एकाहून जास्त खंडांत आढळल्या आणि ३४ टक्के तर पाहणीतल्या सहाही खंडांत. म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या मुळात आणि आफ्रिकेतल्या ज्वारीच्या मुळात एकाच जातीची बुरशी निघाली तर नवल नाही.

आणि ते जोडलेल्या झाडांचं चित्र. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड यांनी कॅनडात बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवघेव मोजली, ते काम खरं आहे. पण त्यावरून आई-झाड पिलांना जेवू घालतं वगैरे जे पसरलं, त्याला शेतातला पुरावा फार तोकडा आहे असं २०२३ मध्ये याच विषयातल्या अभ्यासकांनी आढावा घेऊन सांगितलं. आपल्याकडे ते चित्र पुडीवर छापून विकलं जातं, ते थांबायला हवं.

---

काळीमाती

@चिकित्सक, दोन्ही मुद्दे मान्य. दुसरा तर फार महत्त्वाचा. बुरशी जगभर तीच असेल तर बाहेरून पुडी आणण्याची गरज आणखी कमी होते. आपल्या मातीत आहे तिला जगवणं हेच काम उरतं. सोलापूरच्याच रेषेत पूर्वेला, १७.५ अंशांवर, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे. तिथं १९९० मध्ये दाखवलं गेलं, की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाला बांधलेलं स्फुरद मोकळं करतात. ते लाल मातीत जास्त उपयोगी पडतं. आपल्या काळ्या मातीत स्फुरद कॅल्शियमला बांधलेलं. एकाच अक्षांशावर, एकाच आवारात लाल माती आणि काळी माती, आणि मुळांचं वागणं वेगळं. अक्षांशानं दिशा कळते. पुढं माती बघावीच लागते.

हवामान बदलाचं राहिलं होतं. त्याच २०१९ च्या अभ्यासानं अंदाज दिला, की कार्बनचं उत्सर्जन आहे तसंच चालू राहिलं तर २०७० पर्यंत बाहेरच्या बुरशीच्या झाडांचं वस्तुमान १० टक्क्यांपर्यंत घटेल, मुख्यतः उत्तरेच्या थंड आणि समशीतोष्ण पट्ट्यांच्या सीमेवर. थंड जंगलांच्या मातीत जो कार्बन साठून आहे तो या भागीदारीमुळे बराचसा टिकून आहे. न्यूझीलंडमध्ये १९७१ साली रूथ आणि पी. डी. गाडगीळ यांनी पाइनची मुळं तोडून बुरशी बाजूला केली, तेव्हा पाचोळा जास्त वेगानं कुजला. बुरशी नत्र आधीच उचलून नेते, कुजवणाऱ्या जिवांना उरत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. सगळीकडे तसंच घडतं असं नाही, पण जिथं घडतं तिथं परिणाम मोठा.

---

रोपवाटिका

सांगोल्याकडे आमची डाळिंबाची रोपवाटिका आहे. ऊतीसंवर्धित रोपं प्रयोगशाळेतून येतात तेव्हा त्यांच्या मुळांत काहीच नसतं, सगळं निर्जंतुक. हार्डनिंगच्या (रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याच्या) वेळी पिशवीतल्या मातीत ही बुरशी मिसळली तर रोपं चांगली सावरतात, मर कमी होते, हा आमचा अनुभव. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातही या विषयावर काम झालेलं आहे.

पण मर रोगासाठी बागेत बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळाशी ओतणं) करावी लागते. ती करताना ही चांगली बुरशी पण मरते का? दोन्ही गोष्टी एकाच मुळापाशी आहेत, म्हणून विचारते.

---

काळीमाती

ताई, प्रश्न अगदी मर्माचा आहे. बुरशीनाशकं सगळी सारखी नाहीत. बेनोमिल हे औषध शास्त्रज्ञ प्रयोगात ही बुरशी मुद्दाम दाबायला वापरतात, आणि बेनोमिल मातीत मोडून कार्बेन्डाझिमच तयार होतं. म्हणजे कार्बेन्डाझिमची आळवणी मुळातल्या चांगल्या बुरशीवरही बसते. मर लागलेल्या बागेत औषध टाळा असं मी म्हणणार नाही, झाडच गेलं तर बुरशी कुणासाठी? पण रोग नसताना खबरदारी म्हणून दर काही महिन्यांनी आळवणी करतात, ते तज्ज्ञांना विचारून कमी करता येईल. आणि बुरशी दिल्या दिल्या आळवणी करू नये, नाहीतर दोन्हीचे पैसे वाया.

रोपवाटिकेला लागणारी बुरशी घरीही वाढवता येते. वाळू आणि माती मिसळून, ऊन देऊन निर्जंतुक करून वाफा भरायचा, चांगल्या शुद्ध बुरशीचं विरजण घालून त्यात ज्वारी किंवा मका पेरायचा, स्फुरद फार कमी ठेवायचं. तीन-एक महिन्यांनी पाणी तोडून झाडं वाळू द्यायची. मग मुळं बारीक तोडून मातीसकट वापरायची. जगभर या बुरशीच्या वाढीसाठी ज्वारी वापरतात. विरजण मात्र रोगमुक्त जागेचंच हवं. मर लागलेल्या बागेतली माती चुकूनही घेऊ नका.

---

पानफूल

सर, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा असं वाटतंय: मूग घेऊन पेरलेली ज्वारी आणि मोकळ्या रानात पेरलेली ज्वारी, दोन्हींच्या मुळांत बुरशी किती आहे ते बघायचं. पण आमच्या प्रयोगशाळेत महागडे रंग नाहीत. काही सोपी रीत आहे का?

---

मंगळवेढेकर

@पानफूल, आमचं रान आहे. दोन्ही तऱ्हेचे तुकडे शेजारी शेजारी आहेत. हुरड्याच्या आधी या, मुळं काढून देतो.

---

काळीमाती

@पानफूल, जरूर घे. महागडा रंग लागत नाही. १९९८ मध्ये शाई आणि व्हिनेगरची रीत प्रसिद्ध झाली आणि ती फार चांगली चालते.

मुळं स्वच्छ धुऊन एक सेंटीमीटरचे तुकडे करायचे. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ती पारदर्शक होईपर्यंत उकळायची. ज्वारीच्या कोवळ्या मुळांना काही मिनिटं पुरतात, जुन्यांना जास्त वेळ. हे द्रावण कातडी भाजतं, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नकोस, आणि शिक्षक समोर असू देत. मग पाण्यानं चांगली खळखळून धुवायची. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळायची. नंतर व्हिनेगरचे काही थेंब टाकलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायची, म्हणजे जादा रंग निघून जातो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धागे, पेशीतल्या फांद्या आणि गोल फुगे गडद दिसतात. शाईच्या प्रत्येक बनावटीला सारखा निकाल येत नाही, आधी दोन-तीन शाया एका मुळावर करून बघ.

मोजायला काचेखाली चौकटीच्या रेषा घे आणि मूळ जिथं रेषेला छेदतं तिथं बुरशी आहे की नाही एवढंच नोंदव. प्रत्येक नमुन्यात शंभरावर छेद हवेत. आणि मुळं काढताना खुंटाजवळची जाड घेऊ नकोस, तिच्यात फारसं काही दिसत नाही. कुदळीनं ढेकूळ काढून पाण्यात भिजत ठेव, त्यातून निघणारी केसासारखी बारीक मुळं घे. दोन्ही तुकड्यांत स्फुरद किती आहे ते माती परीक्षण करून आधी बघून ठेव. त्यात फरक असेल तर बेवडाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.